टक्क्यांसाठी कोर्टात, पोरासाठी गप्प

2025 साल मला सांगली जिल्ह्यामुळे लक्षात राहील. जूनमध्ये आटपाडी तालुक्यात, नीटच्या सराव परीक्षेत मार्क कमी आले म्हणून बापाने मुलीला इतकं मारलं की ती गेली. बाप पेशाने मुख्याध्यापक. नोव्हेंबरमध्ये, मूळच्या याच जिल्ह्यातल्या कुटुंबातल्या दहावीच्या मुलाने दिल्लीत जीव दिला. त्याच्या चिठ्ठीत शाळेतल्या शिक्षकांच्या छळाची तक्रार होती. या दोन बातम्यांच्या मध्ये, जुलैत, सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्गदर्शक सूचना दिल्या: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, मार्कांवरून तुकड्या पाडू नका, पोरांचा चारचौघांत पाणउतारा करू नका. एवढं सांगायला सर्वोच्च न्यायालय लागावं!

आमच्या लहानपणाबद्दल गळा काढायचा नाही. तेव्हाही टपल्या होत्या, 'जाड्या', 'ढापण्या' होते आणि मास्तरांची छडी होती. नव्वदचं दशक केबल आणि इंग्रजी माध्यमाच्या रांगेत गेलं. 1999 मध्ये राज्याने रॅगिंगविरोधी कायदा केला, पण बोलणं झालं ते मेडिकल-इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत काय चालतं, हे कुणी विचारलं नाही.

माझा राग आहे तो 2000 ते 2010 या दहा वर्षांवर. ठाण्यात आमची मुलं तेव्हा शाळेत होती. ते दशक टक्क्यांचं. जूनमध्ये क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती यायच्या, पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि प्रत्येकाखाली दशांशापर्यंतचा आकडा. आमच्या सोसायटीत लोक पोराचं नाव विसरायचे, टक्के लक्षात ठेवायचे. पालकसभेत ठराविक प्रश्न: पोर्शन कधी संपणार, लेखी किती, तोंडी किती. एकदा एका आईने भीतभीत सांगितलं, की तिच्या मुलाशी वर्गात महिनाभर कुणी बोलत नाही, डबा रोज कुणीतरी पळवतं, वहीवर घाणेरडं लिहितात. बाई म्हणाल्या, "मुलं म्हटल्यावर चालायचंच." ते एक वेळ समजू शकतं, साठ पोरांचा वर्ग होता. पण मागच्या बाकावरच्या बापांनी जे हसू दाबलं, ते मी अजून माफ केलेलं नाही. कुणीतरी वर सल्लाही दिला, "कराटेला घाला." पुढच्या वर्षी त्या मुलाने शाळा बदलली.

हेच पालक भित्रे होते म्हणावं तर तसंही नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी ते थेट न्यायालयात गेले. 2009 मध्ये 90 टक्के जागा एसएससीवाल्यांना राखणारा 90:10चा फॉर्म्युला उच्च न्यायालयात टिकला नाही. 2010 मध्ये सर्वाधिक मार्कांचे पाचच विषय धरणारा 'बेस्ट ऑफ फाइव्ह' तिथे पडला आणि सर्वोच्च न्यायालयात तगला. एसएससी विरुद्ध आयसीएसई, अर्ध्या टक्क्यासाठी वकील, फी, वर्गणी, सगळं जमलं. पोराचा डबा कोण पळवतं हे विचारायला मात्र हाफ डे टाकणं जमलं नाही.

मग जानेवारी 2010 उजाडला. मुंबई-ठाण्याकडून शाळकरी मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. 'थ्री इडियट्स' नुकताच, 25 डिसेंबरला, लागला होता. वाहिन्यांना खलनायक हवा होता, तो तीन तासांच्या सिनेमात सापडला. उरलेलं खापर परीक्षेवर फुटलं. पोरांचं पोरांशी काय चालतं आणि घरी आल्यावर त्यांचं कोण ऐकतं, यावर मी तेव्हा एकही धड चर्चा पाहिली नाही. त्याच वर्षी 1 एप्रिलला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, पण बहुतेक शाळांनी त्यातून छडी तेवढी उचलून कपाटात ठेवली.

त्या दशकातली एक गोष्ट मात्र गेल्याची हळहळ वाटते. शाळा सुटली की चिडवणंही सुटायचं. रिक्षावाल्या काकांच्या रिक्षातून उतरलं की खाली खेळायला दुसरी पोरं असायची, दुसरी टोपणनावं, दुसरी भांडणं. 2016 नंतर स्वस्त डेटा आला आणि वर्ग पोराच्या उशीशी येऊन बसला. रात्री अकरालाही कुणीतरी त्याचा फोटो फिरवत असतं.

2022 च्या राष्ट्रीय नोंदींत 13,044 विद्यार्थी आत्महत्या आहेत. त्यातल्या 1,764 एकट्या महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. कारणांच्या तक्त्यात 'परीक्षेतील अपयश' हा रकाना आहे, वर्गातल्या छळाचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांत परीक्षेपेक्षा 'कौटुंबिक समस्या' कितीतरी पुढे आहेत. त्या दोन शब्दांत काय काय कोंबलं असेल, ते पोलीस लिहीत नाहीत. मला वाटतं, पोर दोनदा सांगायला आलं आणि दोन्ही वेळा "तूच काहीतरी केलं असशील" हे ऐकून परत गेलं, हेही त्यात असणार.

आता समुपदेशक नेमायचे आहेत. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 2022 पासून आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत. तो शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापायला कुणाची हरकत नसावी. माझ्या नातीच्या डायरीत तिथे युनिफॉर्मच्या दुकानाचा पत्ता आहे. तिच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर परवा एका आईने लिहिलं, की तिच्या मुलीला दोघीतिघी रोज रडवतात. ॲडमिनचं उत्तर आलं, "प्लीज हे पर्सनलवर बोला." त्याखाली लगेच कुणीतरी विचारलं, सोमवारच्या गणिताच्या चाचणीला अपूर्णांक आहेत का. अकरा जणांनी उत्तर दिलं.