कंपवात आणि न विचारलेले दोन प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. येथील, इंदूरमधील, एक निवृत्त मराठी शिक्षक कंपवातासाठी माझ्याकडे येत असत. लेव्होडोपाच्या गोळ्यांवर त्यांची प्रकृती स्थिर होती. एके दिवशी त्यांच्या सूनबाई त्यांना घाईघाईने घेऊन आल्या. मास्तरांची मान व हातपाय आपोआप वेडेवाकडे हलत होते. रात्री त्यांना खोलीत नसलेली माणसे दिसत होती. मी गोळ्यांचा हिशेब घेतला. तो चोख होता. निघता निघता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दोन महिन्यांपासून बाबा कौंचाचं चूर्ण घेतात. झाडपाल्याचंच आहे, म्हणून सांगितलं नाही."

आणि मीही विचारले नव्हते!

कौंच म्हणजे आपली खाजकुहिली. तिच्या बियांत प्रत्यक्ष लेव्होडोपाच असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ साली वेगळे करून दाखविले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत, आठच रुग्णांत का होईना, ३० ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला. चूर्ण निरुपयोगी नाही. ते औषध आहे, आणि म्हणूनच त्याची मात्रा मोजावी लागते. मास्तरांच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या, पण लेव्होडोपा वाढले. चूर्ण हळूहळू थांबविल्यावर त्रास ओसरला.

दुसरा प्रश्न पोटाचा. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच या रुग्णांच्या मलावरोधाची नोंद केली होती. हा रोग आतड्यातून वर चढत असावा, असा तर्क ब्राक यांनी २००३ मध्ये मांडला. तो सर्वच रुग्णांना लागू पडत नाही. २०१९ मध्ये मात्र एक व्यवहारोपयोगी गोष्ट उलगडली. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातील जीवाणू लेव्होडोपाचे रूपांतर तेथेच डोपामिनमध्ये करतो, आणि ते डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. गोळीतील कार्बिडोपा या जीवाणूला रोखू शकत नाही. एकाच मात्रेचा गुण दोघांना सारखा का येत नाही, याचे एक कारण येथे असू शकेल.

प्रोबायोटिकांविषयीही तारतम्य हवे. इटलीतील १२० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) उपयुक्त जीवाणू व तंतू घातलेल्या आंबवलेल्या दुधाने मलावरोध कमी झाला. पण त्यांनी कंपवात थांबतो, असे सिद्ध झालेले नाही.

तेव्हा व्यवसायबंधूंनो, "पोट साफ होते का?" आणि "याशिवाय आणखी काय घेता?" हे दोन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारूया. वाचकांनाही विनंती, की चूर्णाची डबी गोळ्यांबरोबर घेऊन या आणि कोणतेही औषध एकाएकी बंद करू नका. मास्तरांनी मला शिकविलेला हा धडा आहे.