ढिगाऱ्याखालचे चर्च

जुन्या गोव्यात बॉम जेझस आणि से कॅथेड्रल पाहून झाले की बहुतेक बस परत फिरतात. पश्चिमेच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांपर्यंत जे येतात, तेही मनोऱ्याचा फोटो काढून उतरतात. मला मात्र इथली सर्वांत मोलाची जागा वाटते ती मनोऱ्यामागची, जमिनीलगतची.

ऑगस्टिनियन पाद्र्यांनी हे चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधले. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. आज उरलाय तो एकाचा अर्धा भाग, तरी ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना गोव्यातून हाकलले आणि चर्च बेवारस झाले. बांधकाम जांभ्याच्या चिऱ्यांचे, आणि जांभ्याला चुन्याच्या गिलाव्याचे कवच लागते. गिलावा सुटला की पावसाचे पाणी थेट चिऱ्यात मुरते. १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा. घंटा तेवढी वाचली. ती १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे.

छताखाली जे गाडले गेले, ते मात्र राहिले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसला तेव्हा वेद्या, निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे आणि मानचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा उघड्या झाल्या. पायाखालच्या शिळांवरची अक्षरे आजही बोटाने चाचपता येतात.

खरा शोध होता राणी केतेवानचा. जॉर्जियातल्या काखेतीची ही राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारवले. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गुपचूप मिळवल्या आणि १६२७ मध्ये त्यांतल्या काही गोव्यात आणल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठिकाण नोंदलेले होते: चर्चला लागून असलेल्या मठाच्या सभागृहातली दुसरी खिडकी, दगडी पेटी. पण सभागृहच ढिगाऱ्यात हरवलेले! पुरातत्त्वज्ञांनी आधी इमारतीचा आराखडा जुळवला, मग खिडकी ठरवली. २००४ मध्ये हाताचे हाड सापडले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला डीएनए तपासला. मातृवंशाची जी खूण मिळाली, ती भारतीय नमुन्यांत आढळली नाही. जॉर्जियातल्या लोकांत आढळली. जवळच सापडलेल्या आणखी दोन अस्थींचा वंश मात्र भारतीय निघाला. कागद, कुदळ आणि प्रयोगशाळा यांची एवढी चोख साथ क्वचितच जमते.

२०२१ च्या जुलैमध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी केतेवानच्या अस्थींचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. टेकडीवर गेलात तर मनोऱ्यापाशी थांबू नका. ते सभागृह शोधा, आणि खिडक्या मोजा.