कियामत, नजात आणि ‘देवाचे राज्य’ : ख्रिस्ती शेजाऱ्यांचा ग्रंथ वाचताना

मागच्या वर्षी अमरावतीत एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षिकेचे निधन झाले. आपल्या कितीतरी मुलामुलींना त्यांनी गणित शिकवले होते. दफनविधीला आम्हीही गेलो. पाळकांच्या प्रार्थनेत ‘पुनरुत्थान’ हा शब्द चार-पाच वेळा आला. परतताना सोबतच्या एका पोट्ट्याने विचारले, “सर, म्हंजे त्यायच्यातही कियामत असते काय?”

“असते, पण वेगळी,” असे आम्ही सांगून टाकले. वेगळी म्हणजे कशी, हे त्याने विचारले नाही म्हणून आमची अब्रू वाचली.

त्यानंतर आम्ही चार शिक्षक, दोघे अमरावतीचे आणि दोघे अकोल्याचे, सुटीच्या दिवशी एकत्र बसू लागलो. समोर मराठी बायबल, उर्दू बायबल आणि कुरआन. मुनाजरा करायचा नव्हता. जे लोक पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात ते काय मानतात, एवढे त्यांच्याच पुस्तकातून समजून घ्यायचे होते. वऱ्हाडात ख्रिस्ती समाज काही नवा नाही. अकोल्याचे अलायन्स चर्च जुने आहे, अमरावती हा कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि यवतमाळला तर १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती मग पुण्याला गेली.

पहिली गंमत झाली ती शब्दांची. मराठी बायबलमध्ये पानोपानी ‘तारण’. आमच्यातल्या एकाला आधी आठवले ते सोनेतारण कर्ज! हसून झाल्यावर उर्दू प्रत उघडली, तर तिथे त्याच जागी आपला ओळखीचा ‘नजात’. ‘देवाचे राज्य’ तिथे ‘खुदा की बादशाही’ झाले. आणि ‘पुनरुत्थान’ शोधले तर उर्दूत चक्क ‘कियामत’.

ही उर्दू काही कालची नाही. हेन्री मार्टिनने केलेला नव्या कराराचा उर्दू अनुवाद १८१४ मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. (बंगालचे श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातले नव्हे.) विल्यम कॅरीचा मराठी नवा करारही त्याच काळात, त्याच छापखान्यातून निघाला. म्हणजे आमच्या टेबलावरची दोन्ही पुस्तके एका अर्थी एकाच घरची.

भाषेच्या शिक्षकाला सुखावणारी आणखी एक गोष्ट. ‘कियामत’चे मूळ अरबी धातूत आहे, अर्थ उठून उभे राहणे. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला. तिथला शब्द ‘अनास्तासिस’, अर्थ तोच. आणि आपले मराठी ‘उत्थान’ म्हणजेही उठून उभे राहणे. तीन भाषा, तिन्हींत माणूस मातीतून उभा राहतो आहे.

पण शब्द एक म्हणजे अर्थ एक, असे समजून चालत नाही. योहानाच्या ११व्या अध्यायात लाजराची गोष्ट आहे. लाजर मरण पावलेला, कबरीत ठेवून चार दिवस झालेले. त्याची बहीण मार्था येशूंना म्हणते की शेवटच्या दिवशी माझा भाऊ पुन्हा उठेल हे मला ठाऊक आहे. इथपर्यंत आपल्या कोणत्याही दादी-नानीने मान डोलावली असती. आखिरतवरचा हाच तर विश्वास! मात्र येशूंचे उत्तर असे आहे की ते पुनरुत्थान म्हणजे मी स्वतःच. शेवटच्या दिवसाची घटना इथे एका व्यक्तीशी जोडली जाते. आपली आणि त्यांची वाट फुटते ती याच ठिकाणी.

पुढे पौलाने हे आणखी ठाम मांडले. करिंथच्या मंडळीला त्याने साधारण इ.स. ५५ च्या सुमारास पहिले पत्र लिहिले, त्याचा १५वा अध्याय सगळा याच विषयावर आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला सगळा विश्वास फुकट, असे तो स्वतःच मान्य करतो. म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी ईस्टर हा नाताळनंतरचा दुय्यम सण नाही, सगळी इमारत त्यावरच उभी आहे. कुरआन मात्र सूरह निसामध्ये (४:१५७-१५८) हजरत ईसा (अलै.) यांना सुळावर मारले गेले हेच नाकारतो आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले असे सांगतो. हा फरक गोड बोलून झाकण्यासारखा नाही, आणि झाकायची गरजही नाही.

आता नजात. इथे आमची चूक कबूल करायला हवी. ‘ख्रिश्चनांचे सोपे असते, येशूवर विश्वास ठेवला की मग काहीही करा,’ असे आम्ही वर्गात बोलून गेलो होतो, तेही एकदा नव्हे. शाळेतल्या ख्रिस्ती सहकाऱ्याने न रागावता विचारले, “सर, याकोबाचे पत्र वाचले का?” वाचले नव्हते. घरी जाऊन दुसरा अध्याय उघडला. कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. हे खरे की इफिसकरांच्या पत्रात तारण हे देवाच्या कृपेने मिळते, कमाईने नाही, असेही म्हटले आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा यावर ख्रिस्ती लोकांतच शतकानुशतके वाद झाला. १६व्या शतकात ल्यूथरच्या काळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे झाले, त्यात हाही मुद्दा होता. आपल्याकडेही ईमान आणि अमल यांच्या नात्यावर उलेमांनी काय कमी लिहिले आहे? दुसऱ्याच्या दीनचे एका वाक्यात सार काढणे सोपे असते, म्हणून आपण ते काढतो. पुढच्या तासाला आम्ही मुलांसमोर ते वाक्य मागे घेतले.

देवाच्या राज्याबद्दल मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात, मत्तय बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’. येशू त्याला मोहरीच्या दाण्याची उपमा देतात. राईचा दाणा कुरआनातही आहे (२१:४७), पण तिथे तो हिशेबाच्या तराजूत येतो, राईएवढे कर्मही सुटणार नाही हे सांगायला. हे राज्य येऊन गेले, आत्ता आहे की पुढे यायचे आहे, यावर ख्रिस्ती मंडळीत एकमत नाही. प्रकटीकरणातली हजार वर्षे काही जण शब्दशः घेतात, काही रूपक मानतात. हजरत ईसा (अलै.) परत येणार, हे हदीसमुळे आपणही मानतो. ते येऊन काय करतील, यावर मात्र दोघांचे म्हणणे निराळे.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते मत्तयाच्या २५व्या अध्यायावर. न्यायाच्या दिवशी राजा लोकांना सांगतो की मी भुकेला होतो, तहानलेला होतो, आजारी होतो, आणि तुम्ही आलात किंवा आला नाहीत. लोक चकित होतात, तुला कधी पाहिले आम्ही? ज्या लहानातल्या लहानासाठी केले ते माझ्यासाठीच केले, असा जबाब मिळतो. अकोल्याचे आमचे मित्र एकदम म्हणाले, “अहो, ही तर सहीह मुस्लिममधली हदीस!” खरोखरच त्या हदीस-ए-कुदसीत अल्लाह आदमच्या मुलाला विचारतो, मी आजारी होतो, तू भेटायला का नाही आलास? अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच भेटलो असतो. भूक आणि तहानही त्याच क्रमाने पुढे येतात. त्या दिवशी दुसरे काही वाचून झाले नाही. अकोल्याच्या मंडळींची बडनेऱ्याहून गाडीही चुकली.

त्या पोट्ट्याला मग आम्ही बोलावून मार्थाची गोष्ट सांगितली आणि दोन्हीकडचा फरकही. फरक त्याने शांतपणे ऐकला. त्याचा प्रश्न दुसराच होता. “मंग तिचा भाऊ उठला का सर?”

उठला, त्यांच्या ग्रंथात तसे आहे. लाजराचे नाव कुरआनात नाही, पण हजरत ईसा (अलै.) अल्लाहच्या हुकमाने मेलेल्यांना जिवंत करत, हे सूरह आले-इमरानमध्ये (३:४९) आहे. त्याने वहीत आयत क्रमांक लिहून घेतला. शेजारी योहानाचा ११वा अध्यायही लिहिला, आणि बाईंच्या मुलाला दाखवतो म्हणाला.