कॅमेऱ्याचे दोन डोळे

एका दुपारीं आमच्या घरच्या ओसरीवर एक वृद्ध आत्याबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. ऊन बाजूनें येत होतें. घरांत झोर्की-४ हा जुना रशियन फिल्म-कॅमेरा होता; तो मीं उचलला, त्याच्या लहानशा खिडकींतून पाहिलें, आत्याबाईंच्या डोळ्यांच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसविल्या आणि कळ दाबली. अंतर सुमारें एक मीटर. भिंगाचें छिद्र पुरें उघडें, म्हणजे एफ-२. फिल्म धुवून आली तेव्हां कानांतल्या कुडीचे मोती मोजतां येत होते, कानाजवळचे पांढरे केंस एकेक वेगळे दिसत होते, आणि डोळे मात्र धुक्यांत.

मीं तेथल्या तेथें निकाल देऊन टाकला कीं, कॅमेऱ्याचा अंतरमापक बिघडला आहे. लहानसा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, अंतरमापकाचा स्क्रू अंदाजानें पाव वळसा फिरविला, आणि अशा रीतीनें एका दोषाचे दोन दोष केले. आज अनेक घरांतून वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळचे असे कॅमेरे कपाटांतून पुन्हा बाहेर निघत आहेत, जुन्या बाजारांतून भिंगें येत आहेत. तेव्हां माझ्या हातून जी घाई झाली ती आपल्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं हें भाषण आहे.

प्रथम या यंत्राची जात ओळखूं या. ज्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात, त्यांत पाहणारा डोळा वेगळा आणि चित्र घेणारा डोळा वेगळा असतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत आपण भिंगांतूनच पाहतों. येथें तसें नाहीं. आपण घरबसल्या एक प्रयोग करून पाहा. हात लांब करून अंगठा समोर धरा आणि एकदां डावा, एकदां उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला कीं उडी मोठी, दूर नेला कीं लहान. अंतरमापक हेंच करतो. त्याच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात आणि त्या एकावर एक आल्या कीं अंतर कळतें. या दोन खिडक्यांमधील अंतर झोर्की-४ मध्यें ३८ मिलिमीटर आहे, तर फेड-२ मध्यें ६७. म्हणून दुसरा कॅमेरा अधिक बारकाईनें अंतर सांगूं शकतो.

पण अंतर कळून काय उपयोग? तें भिंगाला कळलें पाहिजे. यासाठीं कॅमेऱ्याच्या तोंडांत, भिंगाच्या बैठकीच्या आंत, एक लहानसा दांडा असतो. भिंगाच्या नळीची मागची कड त्याला टेकलेली असते. आपण भिंग फिरवितों तशी ती कड पुढें-मागें सरकते, दांडा तिच्यामागून जातो, आणि त्या दांड्याला जोडलेली कांच किंवा लोलक हलून दुसरी प्रतिमा सरकते. म्हणजे खिडकींत दिसणारें ऐक्य ही प्रत्यक्ष चित्राची खबर नसून नळीच्या कडेनें दिलेली साक्ष होय. कड आणि कांचेचे गोळे यांचें आपसांत पटत असेल तोंवर साक्ष खरी.

येथें चूक किती लहान असते याचा अंदाज पुष्कळांना नसतो. ५० मिलिमीटरचें भिंग अनंतावरून एक मीटरवर आणावयाचें तर तें फक्त २.६ मि.मी. पुढें सरकतें, अनंतावरून दहा मीटरवर आणावयाचें तर अवघें पाव मिलिमीटर. ०.०३ मि.मी. व्यासाचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो असें धरलें, तर एफ-२ वर फिल्मपाशीं ०.०६ मि.मी. इतकीच चूक खपते. एफ-८ वर तिच्या चौपट, ०.२४ मि.मी. खपते. एक मीटरवर एफ-२ नें घेतलेल्या चित्रांत रेखीव दिसणारा पट्टा पुढून मागून मिळून पांच सेंटिमीटरांच्या आंतबाहेर असतो. डोळ्यापासून कानापर्यंतचें अंतर याहून अधिक आहे. भर उन्हांत एफ-८ नें घेतलेलीं माझीं सगळीं चित्रें उत्तम येत होतीं आणि म्हणून भिंगाचा मला संशयहि आला नाहीं, याचें कारण हेंच.

आतां भिंग बसविण्याकडे वळूं. लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला तेव्हां त्याचें भिंग कायमचें जडविलेलें होतें. १९३० मध्यें भिंग बदलण्याची सोय झाली. पण प्रत्येक भिंग ज्या त्या कॅमेऱ्याशीं जुळवून द्यावें लागे. १९३१ मध्यें बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८० मि.मी. असें कायम करण्यांत आलें, आणि अशा कॅमेऱ्याच्या बैठकीवर शून्याची खूण येऊं लागली. १९३२ च्या दुसऱ्या लायकांत अंतरमापक भिंगाला जोडला गेला. पुढें खारकोव्हचा फेड, क्रास्नोगोर्स्कचा झोर्की आणि जपानांतले कित्येक कॅमेरे याच ३९ मि.मी.च्या आंट्यांवर चालले. फेड हें नांव, गंमत म्हणून सांगतों, फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की या राज्यकर्त्याच्या आद्याक्षरांचें आहे. त्याच्या नांवें चालणाऱ्या मुलांच्या वसाहतींत हा कॅमेरा बनूं लागला.

आंटे जुळले म्हणजे भिंग जुळलें, ही समजूत येथेंच घात करते. युद्धापूर्वीच्या फेडच्या बैठकीचा भरंवसा नाहीं. तेथेंहि भिंग आणि कॅमेरा यांची जोडी लावलेली असे. त्याहून मोठा फसवा प्रकार झेनिटचा. झेनिट हा १९५२ पासूनचा आरशाचा कॅमेरा. त्याच्या आरंभीच्या भिंगांनाहि ३९ मि.मी.चेच आंटे होते. पण आरशाला जागा हवी म्हणून बैठकीचें अंतर ४५.२ मि.मी. इंडस्टार-५० हें भिंग दोन्ही प्रकारांत मिळतें आणि नांव दोहोंवर एकच असतें. झेनिटचें इंडस्टार झोर्कीवर मजेंत बसतें, शेवटपर्यंत फिरतें, आणि फिल्मच्या सोळा मिलिमीटर अधिक जवळ गेल्यामुळें जगांतली एकहि वस्तु रेखीव दाखवीत नाहीं. एन्लार्जरचीं कित्येक भिंगेंहि याच आंट्यांचीं असतात. तेव्हां दुकानांत भिंग उलटें करून पाहावें. मागें दांड्याला टेकणारी, भिंग फिरवितांना सरकणारी कड नसेल तर तें या कॅमेऱ्याचें नव्हे.

आंटे पहिल्या वळशांत अडूं लागले तर जोर करूं नये. लायकाच्या आंट्यांची मोजणी इंचाला सव्वीस आहे, कांहीं जुन्या कॅमेऱ्यांची एका मिलिमीटरला एक. फरक केंसाएवढा, पण बळजबरीनें पितळ झिजतें आणि मग योग्य भिंगहि सैल बसतें. भिंग प्रथम उलट्या दिशेनें हलकेच फिरवावें, आंट्याचें तोंड सांपडल्याची बारीकशी टक् जाणवते, मग सुलट फिरवावें.

१९५४ नंतरच्या एम जातीच्या लायकावर जुनें आंट्याचें भिंग लावावयाचें तर मध्यें एक कडें लागतें. त्या कॅमेऱ्याची बैठक २७.८० मि.मी.वर आहे, म्हणून कड्याची जाडी बरोबर एक मिलिमीटर हवी. स्वस्त कडें जाड निघालें तर काय होतें तें मोठें शिकण्यासारखें आहे. भिंग पुढें राहतें, पण त्याबरोबर कडहि तेवढीच पुढें राहते. म्हणून ५० मि.मी.च्या भिंगाच्या बाबतींत अंतरमापक खोटें बोलत नाहीं! खिडकींत जुळलेली वस्तु चित्रांतहि जुळते. फक्त अनंत हातीं येत नाहीं आणि भिंगावरचे अंतराचे आंकडे चुकतात. बैठकीचा दोष दोन्ही डोळ्यांना सारखाच फसवितो. भिंगाच्या पोटांतला दोष एकालाच.

आणखी एक साधी चूक. एल्मारसारखें नळी आंत जाणारें भिंग असेल तर चित्र घेण्यापूर्वीं नळी पुरी बाहेर ओढून, वळवून अडकविली आहे ना, हें पाहावें. न अडकविलेल्या नळीनें वाया गेलेल्या फिल्मा मोजल्या तर बाकीचे सगळे दोष मागें पडतील. खिडकींतली दुसरी प्रतिमा फिकी दिसत असेल तर ती बहुधा आंतल्या कांचेवर बसलेल्या धुरकटपणानें. आपल्याकडील पावसाळ्यांत बुरशीचाहि संशय घ्यावा. प्रतिमा वर-खालीं सरकलेल्या असतील तर त्रास होतो, पण त्यानें अंतर चुकत नाहीं.

आतां तपासणी. कॅमेऱ्याची पाठ उघडत असेल, जशी झोर्की-४ किंवा फेड-२ ची उघडते, तर काम सोपें. घांसलेल्या कांचेचा लहान तुकडा, घांसलेली बाजू भिंगाकडे करून, फिल्म ज्यावर टेकते त्या आंतल्या दोन रुळांवर सपाट धरावा. बाहेरच्या रुळांवर ठेवाल तर परीक्षाच खोटी होईल. मग शटर उघडें ठेवावें. झोर्कीवाल्यांनीं आधीं शटर भरावें आणि मगच वेगाची तबकडी फिरवावी, नाहींतर नवें दुखणें विकत घ्याल. छिद्र पुरें उघडावें. चांदण्या रात्रीं चंद्रासारखें अनंतावरचें लक्ष्य दुसरें नाहीं. भिंग अनंताच्या टोकाला नेऊन दोनच गोष्टी पाहावयाच्या: खिडकींत चंद्र एक दिसतो कीं दोन, आणि कांचेवरचा चंद्र, वाचनाच्या भिंगानें पाहिला असतां, कांठाला तीक्ष्ण आहे कीं नाहीं. लायका दोन किंवा तीनची पाठ उघडत नाहीं. तेथें फिल्मवरच परीक्षा घ्यावी लागते. टेबलावर तिरप्या रांगेंत पुस्तकें उभीं करून मधल्या पुस्तकाच्या कण्यावर अंतर जुळवावें आणि कोणत्या पुस्तकाचें नांव वाचतां येतें तें पाहावें.

कांचेवर चंद्र तीक्ष्ण आणि खिडकींत मात्र दोन, तर दोष अंतरमापकाचा. खिडकींत एक आणि कांचेवर धूसर, तर भिंगाच्या पोटांत कांहीं बिनसलें. दोन्हीकडे बिघाड असेल तर भिंग नीट बसलेलें नाहीं किंवा कडें चुकीचें आहे, असें प्रथम धरावें. परंतु या निर्णयापूर्वीं एक प्रश्न उरतो, आणि तो मला एका म्हाताऱ्या कारागिरानें विचारला. मीं तक्रारींचा पाढा वाचला तो त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाले, “दुसरें भिंग लावून पाहिलेंत का?”

मीं पाहिलें नव्हतें. त्यांनीं माझ्या कॅमेऱ्यावर आपलें एक खात्रीचें भिंग चढविलें. कांचेवर दूरचा मनोरा रेखीव, खिडकींत मात्र दोन. “स्क्रू कोणी फिरवला?” त्यांनीं विचारलें. मीं कबुली दिली. त्यांनीं स्क्रू मूळ जागीं आणला, मनोरे एक झाले. मग माझें ज्युपिटर-८ चढविलें: खिडकींत एक मनोरा, कांचेवर धूसर. आधींच्या कोणा मालकानें भिंग स्वच्छ करावयास उघडलें असावें. कांचेच्या गोळ्यांखालीं जी पातळ धातूची चकती असते ती परत घालावयाची राहून गेली होती. जाडी सुमारें ०.२ मि.मी. एक मीटरवरची रेघ यामुळें आठ सेंटिमीटर मागें जाते. हिशेब करून पाहिला तेव्हां ती बरोबर आत्याबाईंच्या कुडीवर पडली.

अनंतावर सर्व ठीक आणि जवळ आल्यावर चूक, असेंहि होतें. लायकाचा अंतरमापक ५१.६ मि.मी. नाभ्यंतराचें भिंग धरून आखला आहे. समजा आपलें भिंग ५२.४ मि.मी. आहे, तर अनंतावर जुळविलेलें असूनहि एक मीटरवर रेघ सुमारें तीन सेंटिमीटर मागें जाईल. अशा भिंगाला सर्वत्र खरें करतां येत नाहीं. चकतीची जाडी बदलून माणसांच्या अंतरावर तें खरें करावें आणि दूरचें दृश्य लहान छिद्रानें सांभाळून घ्यावें, असें माझें मत आहे. डोंगर थोडा मऊ झाला तर कोणी विचारीत नाहीं.

चकती घालणें हें कारागिराचें काम. तपासणें मात्र घरीं कोणालाहि जमतें. कारागिराकडे जातांना भिंग आणि कॅमेरा दोन्ही न्यावें, आणि स्क्रूला हात लावला असेल तर तें आधींच सांगावें.

माझें भिंग तीन आठवड्यांनीं परत आलें. मीं त्याच ओसरीवर, त्याच वेळच्या उन्हांत, एफ-२ नें एक चित्र घेतलें. तांदळाचें सूप होतें, पाट होता. आत्याबाई मधल्या पंधरवड्यांत गेल्या होत्या. सुपाच्या कांठावरच्या बांबूच्या शिरा त्या चित्रांत एकेक मोजतां येतात.