डोळ्याखालची सूज, दाढेचं दुखणं

कुत्र्याच्या एका डोळ्याखाली अचानक सूज येते. घरातले म्हणतात, गांधीलमाशी चावली असेल. कुणी हळद लावतं, कुणी डोळ्यात थेंब घालतं. चार दिवसांत सूज उतरते, महिन्याभरात पुन्हा येते आणि एक दिवस फुटून पू वाहू लागतो. पशुवैद्य मात्र डोळ्याआधी त्याच बाजूचा ओठ वर करून बघतात. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती जवळजवळ डोळ्याखालीच रुतलेली असतात. दाढेला तडा जाऊन जंतू आत शिरले की गळू होतं ते तिथे.

तडा बहुधा लाडापायी जातो. मटणाच्या दुकानातून हौसेनं आणलेली नळी, जनावराचा खूर, कडक शिंग. कुत्रा ते त्याच दाढेखाली धरून फोडतो आणि दाढेचा कपचा उडतो. चघळायला द्यायची वस्तू आधी नखानं दाबून पाहावी. नख जराही रुतलं नाही, तर ती द्यायची नाही.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला 42 दात असतात, माणसापेक्षा दहा जास्त. ते माणसासारखे सहसा किडत नाहीत, कारण त्याची लाळ अल्कधर्मी असते. पण याच लाळेमुळे दातांवर कीटण लवकर धरतं. खाल्ल्यावर काही तासांतच जंतूंचा चिकट थर बसतो आणि दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो. लाळेची एक नळी गालात वरच्या मोठ्या दाढेसमोरच उघडते, म्हणून तपकिरी पुटं आधी तिथेच दिसतात. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यांत याची सुरुवात झालेली असते. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ ही समजूत साफ चुकीची आहे. तो वास आजाराचा असतो.

पॉमेरेनियन, शित्झू, पग यांचे हाल अधिक. तेवढेच 42 दात इवल्याशा जबड्यात दाटीनं बसतात. अनेकदा दुधाचा सुळा पडतच नाही, नवा त्याला खेटून येतो आणि दोघांच्या फटीत अन्न कुजतं. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचे सुळे मोजावेत. चाराऐवजी पाच-सहा दिसले तर जास्तीचे काढून घ्यावेत. हिरड्यांचा आजार वाढलेल्या लहान कुत्र्याचा खालचा जबडा सोफ्यावरून उडी मारतानाही मोडू शकतो. पिल्लूपणी डिस्टेंपर होऊन वाचलेल्यांच्या दातांचं कवच खडबडीत राहतं. लस वेळेवर देण्याचं हेही एक कारण.

दुखत असलं तरी कुत्रा जेवण सोडत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. एकाच बाजूनं चावणं, घास तोंडातून पडणं, डोक्यावरचा हात चुकवणं एवढ्याच खुणा.

उपाय रोजचा आहे. पहिले काही दिवस फक्त बोट फिरवावं, नंतर मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये. काहींत झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याची साखर एकदम खाली येते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. साचलेलं कीटण भूल देऊनच काढावं लागतं. भूल न देता खरवडून मिळणारी चकाकी फसवी असते, हिरडीखालची घाण तशीच राहते.

आज संध्याकाळी कुत्रा मांडीशी येऊन बसला की त्याचा ओठ हलकेच वर करा आणि मागची ती मोठी दाढ एकदा नीट बघा.