अर्थाचे यमक : हिब्रू स्तोत्रे कविता म्हणून कशी वाचावीत?

ज्यूंच्या धर्मग्रंथातील आणि ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ हा १५० हिब्रू स्तोत्रांचा संग्रह आहे. प्रार्थना म्हणून ही स्तोत्रे दोन हजारांहून अधिक वर्षे म्हटली जात आहेत. ती कविता आहेत हेही सर्वमान्य आहे. परंतु या कवितेत नियमित यमक नाही आणि तिच्या छंदाच्या नियमांविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. मग तिची बांधणी ओळखायची कशी? हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. त्याच्या उत्तरावर ओळीचा अर्थ अवलंबून असतो.

बाविसावे स्तोत्र याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात छळाने गांजलेला एक मनुष्य आपल्या वस्त्रांची गत सांगतो. ओळीच्या पूर्वार्धात वस्त्रांच्या वाटणीचा उल्लेख येतो, तर उत्तरार्धात चिठ्ठ्या टाकण्याचा. या घटना दोन की एकच? योहानाच्या शुभवर्तमानाने त्या दोन मानल्या. येशूला क्रुसावर दिल्यावर सैनिकांनी त्याच्या वस्त्रांचे चार वाटे केले आणि अखंड विणलेल्या अंगरख्यासाठी मात्र चिठ्ठ्या टाकल्या, असे तेथे वर्णन आहे. मार्काच्या शुभवर्तमानात ही एकच कृती आहे : चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी.

या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा पाया ऑक्सफर्ड विद्यापीठातील काव्याचे प्राध्यापक रॉबर्ट लोथ यांनी घातला. त्यांची लॅटिन व्याख्याने १७५३ मध्ये प्रसिद्ध झाली. हिब्रू कवितेत ध्वनीऐवजी अर्थाची जुळणी असते, एका अर्ध्या ओळीला दुसरी अर्धी ओळ प्रतिसाद देते, असे त्यांनी दाखविले. या समांतरतेचे त्यांनी तीन प्रकार केले : समानार्थी, विरोधी आणि पूरक. १९२९ पासून सीरियातील उगारित या प्राचीन नगराचे उत्खनन सुरू झाले. तेथे सापडलेल्या हिब्रूच्या भगिनीभाषेतील काव्यांतही अशीच समांतरता, अगदी शब्दांच्या ठरलेल्या जोड्यांसह, आढळली. ही रीत त्या प्रदेशाची जुनी काव्यपरंपरा होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

लोथ यांच्या मांडणीचा एक तोटा मात्र झाला. उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धाचीच पुनरुक्ती, असा समज रूढ झाला. जेम्स कुगेल यांनी १९८१ मध्ये या समजावर आक्षेप घेतला. उत्तरार्ध पूर्वार्धाला दुजोरा देतो आणि शिवाय त्यात भर घालतो, असे त्यांचे म्हणणे. रॉबर्ट आल्टर यांनी १९८५ मध्ये त्यापुढे जाऊन दाखविले, की ही वाटचाल बहुधा सामान्याकडून विशिष्टाकडे आणि सौम्याकडून तीव्रतेकडे होते.

या दृष्टीने बाविसाव्या स्तोत्रातील ओळ पुन्हा पाहता येते. पूर्वार्धात वस्त्रांसाठी अनेकवचनी शब्द आहे, तर उत्तरार्धात दुसराच, एकवचनी. घटना एकच मानली तरी उत्तरार्ध फुकट जात नाही. वाटणी ही केवळ बातमी आहे. चिठ्ठ्या टाकणे हा त्यातील अपमान आहे. मनुष्य अजून जिवंत आहे आणि त्याच्या देखत त्याच्या अंगावरच्या वस्त्राचा जुगार मांडला जात आहे.

दुसरी पद्धत ओळीऐवजी संपूर्ण रचनेकडे पाहते. जर्मन अभ्यासक हेरमान गुंकेल यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडले : स्तुतिगीत, व्यक्तीचा विलाप, समूहाचा विलाप, कृतज्ञतागीत, राजगीत इत्यादी. १९२६ मध्ये त्यांचे भाष्य प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्रकार उपासनेतील विशिष्ट प्रसंगातून जन्मला, अशी त्यांची भूमिका होती. बाविसावे स्तोत्र हा व्यक्तीचा विलाप; पण शेवटच्या भागात ते अचानक स्तुतीकडे वळते. हे वळण का? या दोहोंच्या मध्ये पुरोहित आश्वासनाचे शब्द उच्चारीत असावा, असा तर्क योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये मांडला. मात्र ते शब्द स्तोत्रात नाहीत. त्यामुळे हे वळण कवितेच्या आतूनच समजून घ्यावे, असे मानणारेही आहेत.

तिसरी पद्धत हस्तलिखितांची. १४५ व्या स्तोत्राच्या ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. पण परंपरागत पाठात ‘नून’ या अक्षराची ओळ नाही. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या गुंडाळीत ती आहे. ती मूळची, की गाळलेली जागा भरण्यासाठी कोणी नंतर रचलेली, यावर वाद आहे. कवितेची बांधणी ठाऊक असल्यामुळेच ही उणीव लक्षात येते.

वर्णक्रमाची ही योजना भाषांतरात सहसा टिकत नाही. ११९ व्या स्तोत्रात बावीस अक्षरांना प्रत्येकी आठ, अशा १७६ ओळी आहेत. अनुवादात ही किमया बहुधा दिसेनाशी होते. अर्थाची जुळणी मात्र भाषेच्या सीमा ओलांडते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही मराठी भाषांतरात स्तोत्र वाचताना प्रत्येक ओळीच्या मध्यावर क्षणभर थांबावे आणि उत्तरार्धाने नवे काय सांगितले, हे पाहावे. एरवी पुनरुक्ती वाटणारी ओळ मग पुढे सरकताना दिसेल.