क्लोरिनची टंचाई व पोहण्याचें पाणी

मे महिना लागला कीं आमच्या चाकूरकडील मुलें पाठीस भोपळे बांधून मळ्यांतल्या विहिरीकडे धांवतात. दूर देशीं राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांच्या परसांत पोहण्याचा हौद असतो. दोहोंकडे प्रश्न एकच. सांचलेल्या पाण्यांत अनेकांनीं उतरावयाचें तर रोगजंतूंचा नाश करणारें क्लोरिन हवें; तेंच मिळेनासें झालें तर काय करावें?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. सन २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतावर लॉरा नांवाचें चक्रीवादळ आलें व त्यांत क्लोरिनच्या वड्या करणारा एक मोठा कारखाना जळाला. त्याच सुमारास कोविडच्या सांथीमुळें लोक घरींच अडकून पडल्यानें परसांत नवे हौद भराभर बांधले जात होते. परिणामीं २०२१ च्या उन्हाळ्यांत वड्या महागल्या व कित्येक दुकानांतून मिळेनाशा झाल्या.

अशा वेळीं थोडक्यांत कसें भागवावें हें समजण्यास क्लोरिनचा स्वभाव ठाऊक पाहिजे. तें जंतूंस निवडून मारीत नाहीं. पालापाचोळा, शेवाळ, गाळ, अंगाचा घाम, जें भेटेल त्यावर तें खर्च होतें. उरलें तरच जंतूंच्या वाट्यास येतें. हौदाच्या पाण्यास उग्र वास आला व डोळे चुरचुरले म्हणजे क्लोरिन फार झालें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो बहुधा घाम व मूत्र यांशीं क्लोरिनचा संयोग झाल्याचा वास होय! म्हणून उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें स्नान करावें. (मुलांस हें पटविणें कठीण, हें आम्ही जाणतों.) ऊनही क्लोरिन खातें, औषध सूर्यास्तानंतर टाकल्यास तें रात्रभर कामास येतें.

आतां विहिरीचा हिशेब पहा. ५ मीटर व्यासाच्या विहिरींत ३ मीटर पाणी असेल तर तें सुमारें ५९,००० लिटर भरतें. दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम या मानानें चांगली ब्लीचिंग पावडर अवघी १५० ग्रॅम लागते. गाळ न काढतां टाकल्यास मात्र याच्या कितीतरी पट व्यर्थ जाते. म्हणून पाणी तळाशीं गेलें असतांच गाळ उपसावा. पावडर बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळ विहिरींत मिसळावी व निदान एक तास कोणी उतरूं नये. फरशी धुण्याच्या ॲसिडाशीं तिचा संपर्क होऊं देऊं नये; विषारी वायु सुटतो. उघड्या पोत्यांतील पावडर ओल व उजेड लागून निःसत्त्व होते, ती घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

एवढें करूनही पावडर अपुरी असेल तर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. २०१६ च्या १२ एप्रिलला मिरजेहून आगगाडीच्या १० वाघिणींतून ५ लक्ष लिटर पाणी लातुरास आलें. आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस हें निराळें सांगावयास नको. आहे ती पावडर गांवच्या पिण्याच्या विहिरीस द्यावी, आणि भोपळे तोंवर खुंटीसच राहूं द्यावेत.